दोनच सीटची गाडी

चुंबक रुमालात गुंडाळला होता, तरी खिशातल्या किल्ल्या त्याला जाऊन चिकटत होत्या, आणि उमाशंकर दर दोन-चार मिनिटांनी खिशात हात घालून त्या एकेक करून सोडवत होता... रिक्षाच्या फटफटीत ती बारीक टकटक कुणाला ऐकू जाण्यासारखी नव्हती, पण शेजारी बसलेल्या शिवलीलाला ती ऐकू जात असणार, याबद्दल त्याची खात्री होती. बत्तीस वर्षांच्या संसारात तिने ऐकलं नाही असं काही नाही. ऐकल्याचं दाखवलं नाही इतकंच. आत्ता ती बाहेर बघत होती. लोहाऱ्यापासून माकणीपर्यंत दोन्ही बाजूंना हरभरा काढून मोकळी झालेली रानं — त्यांत बघण्यासारखं काय होतं? म्हणजे ती रानं बघत नव्हती. मग काय बघत होती? की बोलावं लागू नये म्हणून तिकडे तोंड करून बसली होती?

चुंबक जुन्या कर्ण्यातून काढलेला. जुनी गाडी घेताना तो पत्र्यावरून फिरवायचा, जिथे चिकटत नाही तिथे पोचे बुजवायची लांबी भरलेली, म्हणजे तिथे गाडी ठोकलेली — हे त्याने मोबाईलवर बघितलं होतं आणि सकाळी अंघोळीच्याही आधी रुमाल शोधून ठेवला होता. शिवलीलाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. ही म्हण ती त्याच्यासाठी राखून ठेवल्यासारखी वापरते, आणि वाईट हे की प्रत्येक वेळी ती बरोबर बसते.

पण तो तरी काय करणार? मुरुमच्या बाजारात त्याची आडत, वडिलांपासूनची. पोत्याच्या तोंडाशी दिसतो तो दाखवायचा दाणा, खरा दाणा पोटात असतो — हे वडिलांनी, शिवप्पांनी, त्याला पाटी-पेन्सिल हातात द्यायच्या आधी शिकवलं होतं. लोखंडी टोकदार नळी पोत्यात खुपसायची, मधला दाणा तळहातावर घ्यायचा, दाताखाली धरून बघायचा, आणि हे सगळं करताना चेहऱ्यावरची रेष हलू द्यायची नाही. चेहऱ्याचं शिकायला त्याला पाच वर्षं लागली. नळीचं एका दिवसात आलं. आणि एकदा हाताला सवय लागल्यावर ती नळी बाजारातच ठेवून घरी यायचं कसं, हे मात्र शिवप्पांनी शिकवलं नाही, कदाचित त्यांनाही आलं नसावं. दूधवाला, डॉक्टर, देवळातला जंगम, सोयरे... एका डॉक्टरने सांगितलेलं तो दुसऱ्याला विचारतो आणि दोघांचं एकच आलं की दोघे मिळालेले आहेत असं त्याला वाटतं.

आणि मग शिवप्रियाचं लग्न.

नाही, तिकडे जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण रिक्षा खड्ड्यात आदळली, किल्ल्या पुन्हा चिकटल्या, आणि तो गेलाच. गेल्या वर्षी लेकीने स्वतः होऊन मुलगा दाखवला होता. तुळजापूरचा, कैवल्य नावाचा, शिक्षकाच्या घरचा. उमाशंकरने एकदा माणूस पाठवून घर बघितलं. दुसऱ्यांदा शेजारी विचारले. तिथे थांबला असता तर... पण शेजाऱ्यांनी सगळं चांगलंच सांगितलं, आणि सगळंच चांगलं कुणाचं असतं? तिसऱ्यांदा त्याचा माणूस मुलाच्या घरचे औषध घेतात त्या दुकानदारापर्यंत गेला, घरात कुणाला कसली गोळी चालू आहे ते विचारायला. दुकानदार मुलाच्या वडिलांचाच जुना विद्यार्थी निघाला. वडिलांचा फोन आला. सावकार, आमच्या घराची इतकी झडती पोलिसांनीपण घेतली नसती, एवढंच बोलले आणि सोयरीक मोडली. शिवप्रिया रडली नाही, भांडली नाही. सोलापूरला नोकरीवर निघून गेली आणि तेव्हापासून तिचा फोन आईच्याच मोबाईलवर येतो.

चार दिवसांपूर्वी तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला तेव्हा शिवलीला फोनवर हळू बोलत होती, त्याला बघून तिने फोन ठेवला. लेक काय म्हणत होती, असं त्याने विचारलं. तिने लपवलं नाही, हेच जास्त लागलं.

"हाय एक मुलगा," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "सांगितलंय तिनं मला. तुम्हाला नाव सांगणार न्हाय. नाव कळलं की तुमची माणसं निघतील."

त्या रात्री त्याला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेली असताना त्याने तिचा मोबाईल हातात घेतला. तो उघडायच्या खुणेची रेघ बदललेली होती. इतकी वर्षं तीच रेघ होती, घरातल्या पोरासोरांना ठाऊक असलेली... आणि तिने ती बदलली होती, म्हणजे तो मोबाईल उचलणार हे तिला ठाऊक होतं, म्हणजे ती अंघोळीला गेली तीसुद्धा... त्याने मोबाईल होता तसा ठेवला. तोच कोन, तीच बाजू.

आज ती स्वतः होऊन बरोबर निघाली. मुरुमच्या स्टँडवर एस.टी.ची वाट बघताना, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "एकदा तरी कुणाच्या शब्दावर काही घेऊन बघा. मग मलाबी तुम्हाला काही सांगायचा जीव होईल." त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण तेव्हापासून डोक्यात एकच फिरत होतं. आज गाडी बघायला आलोय की मला बघायला आणलंय?

बाजारात म्हणाल तर गाडी एकच. थार. शेजारच्या आडतीवरच्या शिवराजने काळी थार घेतली, मग त्याच्या साडूने, मग पंपवाल्याने, आता बाजार समितीच्या फाटकातून तीन थार ओळीने आत येतात आणि हमाल बाजूला सरकतात. शिवराज महिनाभर मागे लागला होता — घ्यायची तर थारच घ्या, डोळे झाकून घ्या. डोळे झाकून हा शब्दच उमाशंकरला झोंबला. जी गोष्ट सगळे एका तोंडाने चांगली म्हणतात तिच्यात कुणाचा तरी फायदा असतो. शिवाय किंमत! तिच्या निम्म्याहून कमी किमतीत ही माकणीची गाडी मिळत होती. उघडीच, पण बसकी, दोनच सीटची, कुठल्याशा बंद पडलेल्या छोट्या कारखान्याची. शिवराज हसला होता. दोन सीटच्या गाडीत सामान कुठं टाकणार सावकार, आणि सोयरे कुठं बसवणार? सोयरे बसत नाहीत हाच तर तिचा गुण, असं उमाशंकर म्हणाला होता, आणि बाजारभर हशा झाला होता.

खरं कारण त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. तो बावीस वर्षांचा असताना, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर येणेगूरजवळच्या चहाच्या टपरीसमोर एक तशी गाडी येऊन थांबली होती. छप्पर उघडं. माणूस उतरून चहा पीत उभा राहिला आणि शेजारच्या सीटवर त्याची बायको झोपली होती — तोंड किंचित उघडं, हात बाहेर लोंबता, भर दुपारी, भर रस्त्यात, दहा अनोळखी पुरुष बघत असताना. जाग आली नाही तिला. मला त्या गाडीचा हेवा वाटला असं मी तेव्हा समजलो. गाडीचा नव्हता. पण हे आता चोपन्नाव्या वर्षी कुणाला सांगायचं, आणि ज्याला सांगायचं तीच शेजारी बसून रानं बघतेय.

"बन्री, बन्री, या आत," म्हणत हणमंतप्पा दारातच भेटले. सत्तरीचे, कपाळाला विभूती, खांद्यावर टॉवेल. चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केलेला माणूस. हे उमाशंकरने आधीच शोधून काढलं होतं आणि त्याचं मन तिथेच अर्धं माघारी फिरलं होतं. बैलाला रात्रभर मीठ चारून पाणी पाजून सकाळी भरलेला दाखवणारी ही जात! आम्ही धान्यवाले त्या मानाने भाबडे.

चहा झाला. मग गोठ्याच्या बाजूची शेड. बैल आता नव्हते, गव्हाणीसमोर ती गाडी उभी होती. लाल असावी कधीतरी, आता विटकरीकडे झुकलेली, नाक खाली, मागून गोल, कापडी छप्पर घडी करून मागे बसवलेलं... उमाशंकरच्या छातीत काहीतरी हललं. चेहरा हलला नाही.

पोराने आणली होती हैदराबादहून, हणमंतप्पांनी सांगितलं. पोरगा शिवपुत्र, आता बेंगळूरला. तिथं लावायला जागा नाही, इथं चालवायला कुणी नाही.

सरळ होतं. फार सरळ होतं. हैदराबादहून? हैदराबादेत पूर येतात. पुरात बुडालेल्या गाड्या वाळवून, पुसून, लांब नेऊन विकतात, आणि नेतात कुठे? जिथे टँकरने पाणी येतं तिथे. आमच्यासारख्यांच्या मुलखात गाडीत गाळ शोधायचं कुणाच्या डोक्यात येणार? तो वाकला, सीटखालचं कापड उचललं, बोट फिरवलं. धूळ. बोट नाकाशी नेलं. कोरडी, साधी, माकणीचीच धूळ. मग दुसरी शंका आली — पोरगा बेंगळूरला आहे हे कुणी सांगितलं? बापानेच. आहे ना तो? की याच गाडीत... भिंतीवर कुणाचा हार घातलेला फोटो नव्हता, हे त्याने चहाच्या वेळीच बघून घेतलं होतं. पण फोटो काढून ठेवता येतो.

शिवलीला गव्हाणीजवळ उभी होती. हणमंतप्पा छपराची कडी दाखवायला पलीकडे वळले तेवढ्यात उमाशंकरने रुमाल सोडला आणि चुंबक दारावर टेकवला. सोडला. चुंबक खाली पडला. त्याने उचलून जरा पुढे टेकवला. पडला. बॉनेटवर... पडला. मागच्या गोलाईवर... पडला. म्हणजे अख्खी गाडी? एकही जागा ठोकल्यावाचून नाही? चारी बाजूंनी लांबी थापून उभी केलेली गाडी, आणि हा म्हातारा विभूती लावून...

"सावकार," हणमंतप्पा मागून म्हणाले, "पत्र्याची न्हाय ती. फायबरची हाय. तिला काय चिकटनार?"

शिवलीलाने पदर तोंडाला लावला. हसली की नाही कळलं नाही, पण खांदे हलले. उमाशंकरने चुंबक खिशात टाकला आणि किल्ल्या टक्कन येऊन चिकटल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा.

लाज वाटली, पण लाजेपेक्षा वाईट दुसरंच होतं. पत्रा असता तर काहीतरी कळलं असतं. हे फायबर — याला गंज नाही, पोचा नाही, वाजवून बघावं तर कलिंगडासारखं सगळीकडून एकच बोलतं. आत शिरायला वाटच नाही. आतापर्यंत त्याने जे जे घेतलं त्यात कुठून तरी नळी खुपसता आली होती.

आणि मग हणमंतप्पांनी ते केलं, ज्यामुळे तो पुरता घाबरला. न विचारता दोष सांगितले. दुसरा गिअर थंड असताना अडतो. छप्पर पावसात डाव्या अंगाला गळतं, शेजारी बसणाऱ्याच्या मांडीवर. मागचा एक टायर या वर्षी बदलावा लागेल. "तुम्हाला घरी गेल्यावर कळनार, त्यापेक्षा माझ्या तोंडानं कळलेलं बरं," म्हणाले.

लहान दोष सांगणारा मोठा दोष झाकतो. हे तर बाजारातलं पोरही सांगेल. मागच्या महिन्यात आपली जुनी जीप विकताना मीच नव्हतो का आपण होऊन म्हणालो की हॉर्न जरा बसलाय? आणि धूर दिसू नये म्हणून आदल्या दिवशी जाड ऑइल मीच ओतलं होतं. घेणारा भला माणूस होता. हॉर्नचं खरं सांगितलं म्हणून त्याने बाकीचं विचारलंच नाही... तर हणमंतप्पांचं जाड ऑइल कोणतं? त्याने गाडी सुरू करून बघितली. आवाज सारखा, धूर नाही. त्याने अर्धा तास घालवला. काही सापडलं नाही, आणि न सापडण्याने त्याचा जीव आणखी खालीवर झाला. प्रत्येक वेळी मान वर केली की गव्हाणीजवळून शिवलीला बघत असायची. कंटाळलेली नाही, रागावलेली नाही. परीक्षेला बसलेल्या पोराच्या आईसारखी.

तिच्याकडे बघून त्याला एकाएकी वाटलं की घ्यावी. या म्हाताऱ्याने मागितलेल्या किमतीला, एक शब्द न बोलता घ्यावी. नाव कळेल. लेकीच्या घरी उद्या पाय टाकता येईल. गाडी फसवी निघाली तर निघाली! "घेतली," तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला परका वाटला.

हणमंतप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. किंमत फोनवर सांगून झाली होती, तरी बाईमाणसासमोर, उघड्यावर भाव बोलायचा नाही ही त्यांची चाळीस वर्षांची रीत. त्यांनी आपल्या उजव्या हातावर टॉवेल पसरला आणि पुढे केला. उमाशंकरने आपला हात आत घातला. धान्यबाजारात हे कधीच बंद झालं, आता तिथे सगळं ओरडून होतं, पण हाताला वडिलांच्या वेळचं आठवत होतं. म्हाताऱ्याचा तळवा कोरडा, गरम. करंगळी कधीतरी मोडून वाकडी बसलेली. हणमंतप्पांनी त्याची चार बोटं धरली. ठरलं तेवढीच, बोटाला एक लाख. आता आपण त्यांची चार बोटं दाबायची की झालं.

शिवलीला दोन हातांवर होती. तिला टॉवेल दिसत होता.

मी ठरवलं नव्हतं. हे मी कुणाच्याही शपथेवर सांगेन. माझ्या हाताने केलं ते — चारातलं एक बोट दुमडलं आणि तीनच दाबली.

आतला हात थांबला. उमाशंकर वाट बघत राहिला. आता झटका येईल, चौथं बोट उलगडेल, मग अर्ध्यावर येऊ, असंच असतं, निम्मा खेळ तर तोच. पण हात तसाच पडून राहिला. हणमंतप्पा त्याच्याकडे बघतही नव्हते, गाडीकडे बघत होते. मग त्यांनी तिन्ही बोटं एकदा दाबली आणि हात काढून घेतला.

"झालं," ते म्हणाले आणि टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

इतक्या लवकर? — शिवलीलाचा चेहरा बोलला. एका क्षणात सौदा, वाद नाही, उठून जाणं नाही, परत बोलावणं नाही. तिच्या डोळ्यांत असं काही आलं की उमाशंकरला दुसरीकडे बघावं लागलं. शिवप्रिया झाली तेव्हा दवाखान्यात तिने असं बघितलं होतं. आत्ता सांगावं. हसत सांगावं, एक बोट कमी केलं बघ, सवय जात नाही... त्याने तोंड उघडलं आणि कागद कुठेत असं विचारलं.

कागदांवर सह्या झाल्या, पैसे बँकेतून गेले. हणमंतप्पांनी पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढली, आणि शिवलीलाला म्हणाले, "आक्का, हिला उन्हात जास्त उभं करू नका." तिने मान डोलावली. उमाशंकरने हणमंतप्पांचा तो आवाज ऐकला आणि त्यातही काही सापडतं का ते शोधलं. म्हातारा इतक्या सहज एक बोट का सोडून बसला? बैलबाजारातला माणूस! म्हणजे गाडीत काहीतरी आहेच. किंवा काहीच नव्हतं आणि त्याला गाडी जाताना भाव करायचा नव्हता... हे दुसरं त्याला जास्त सहन होईना, म्हणून तो पहिल्याकडेच परत आला.

छप्पर उघडं ठेवूनच ते निघाले. धरणाच्या भिंतीवरून येणारा वारा कडेने आत शिरत होता, शिवलीलाचा पदर दोनदा त्याच्या तोंडावर आला आणि दोन्ही वेळा तिने तो ओढून घेतला. लोक थांबून बघत होते. एका वळणावर थार समोरून आली, तिच्यातली पोरं वरून वाकून खाली बघत हसली, आणि हात हलवून गेली. उमाशंकरला त्या खालून बघण्याची मौज वाटली. फार दिवसांनी मौज वाटली.

लोहारा मागे पडल्यावर शिवलीला म्हणाली, "उत्तरेश्वर."

त्याला आधी वाटलं, देवाचं नाव घेतलं.

"नाव त्याचं. आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीचा हाय. वडलांचं बियाणाचं दुकान हाय तिथं बाजारात." मग, "तुम्ही आज घेतली ना शब्दावर. म्हणून सांगितलं."

त्याने मान हलवली. रस्ता सरळ होता. वाशी. वाशीच्या बाजारात दोन आडते ओळखीचे, त्यातला एक तर दर हंगामात तूर घेतो आपल्याकडून, बियाणाची दुकानं असून असून किती असतील, पाच, सात... हे सगळं त्याच्या डोक्यात मान हलवून व्हायच्या आत झालं होतं. नको, त्याने स्वतःला सांगितलं. नको. एकदा तरी नको.

आणि तेवढ्यात दुसरं आलं. उत्तरेश्वर. वाशी. बियाणाचं दुकान. इतकं सगळं? नाव, गाव, दुकान — एका फोनवर सापडेल असा मुलगा. ज्या बाईने चार दिवसांपूर्वी मोबाईलची रेघ बदलली तिने आज आपण होऊन एवढं हातात ठेवलं? उद्या त्याचा फोन वाशीला गेला, आणि तिथे असा कुणी मुलगाच नसला... तर मुरुमच्या सावकाराने विचारलं होतं ही बातमी संध्याकाळपर्यंत फिरून सोलापूरला पोचेल, आणि मायलेकींना जे बघायचं होतं ते बघून होईल. खरं नाव मग त्याला पत्रिकेवरच वाचायला मिळेल. मिळालीच तर.

की खरंच सांगितलं? खरंच विश्वास टाकला, त्या टॉवेलाकडे बघून?

पण तीही आळंदच्या बैलव्यापाऱ्याची लेक. बापाच्या मागे बाजारात उभी राहून वाढलेली. टॉवेलाखाली हात किती वेळ थांबला म्हणजे आत काय झालं, हे तिला न कळायला ती काही शहरातली नव्हती. मग कळलं असेल तर... आणि कळूनही नाव सांगितलं असेल तर ते कसलं नाव असेल?

त्याने तिच्याकडे बघितलं. वाऱ्याने डोळे बारीक केलेले, तोंड समोर, चेहऱ्यावर एक रेष नाही. हा चेहरा मी ओळखतो. तो शिकायला मला पाच वर्षं लागली होती, आणि ती माझ्याकडूनच शिकली, एका घरात राहून, जेवायला वाढता वाढता. त्याला रडू येईल असं वाटलं. एक बोट, शिवलीला, एकच बोट कमी केलं मी — एवढं बोलायचं होतं, आणि बोललं असतं तर तिने सांगितलेलं खरं होतं की खोटं हेही कदाचित आत्ता इथेच कळलं असतं.

"छप्पर लावू का?" तो म्हणाला.

"राहू द्या," ती म्हणाली.

त्याने मनातल्या मनात ते नाव एकदा खरं धरून म्हटलं. मग एकदा खोटं धरून म्हटलं. दोन्ही वेळा ते सारखंच ऐकू आलं.